‘शाया’ की ‘शाळा’? स्पीच थेरपी शिकणाऱ्यांवर नजर कोण ठेवतं, त्याचा इतिहास

(ऑडिओ भागाचा लिखित मजकूर. वाचायला सोपं जावं म्हणून बोलण्यातली पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे.)

आजचा भाग एका अक्षरापासून सुरू करूया. ते अक्षर म्हणजे ळ.

समजा, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठावरच्या पिंपळनेरमध्ये पाच वर्षांची एक मुलगी आहे. ती उशिरा बोलायला लागली, म्हणून आईवडील तिला तपासणीला घेऊन आलेत. समोर आहे स्पीच थेरपीच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी, मुंबईत वाढलेली, मुंबईत शिकलेली. ती शाळेचं चित्र दाखवते आणि विचारते, हे काय? मुलगी म्हणते, “शाया.” डोळ्याचं चित्र दाखवलं की म्हणते, “डोया.” विद्यार्थिनी कागदावर लिहिते: ‘ळ’च्या जागी ‘य’, उच्चारदोष. पुढे मुलगी आईला म्हणते, “माले भूक लागनी.” कागदावर आणखी एक नोंद होते: व्याकरणाची चूक.

आता पिंपळनेर, साक्री, धुळे, अमळनेर या पट्ट्यातल्या कुणालाही विचारा. तो हसेल आणि म्हणेल, अरे, ही तर आपली अहिराणी! अहिराणीत शाळेला शायाच म्हणतात. मुलगी तिच्या घरची भाषा अगदी बरोबर बोलतेय.

हे उदाहरण मी रचलेलं आहे, पण त्यातला प्रश्न खरा आहे. शिकाऊ विद्यार्थिनी चुकणारच, शिकताना सगळेच चुकतात. प्रश्न हा आहे की त्या खोलीत तिची चूक पकडणारं कुणी होतं का? याला म्हणतात क्लिनिकल सुपरव्हिजन. आपल्याकडचे विद्यार्थी साध्या भाषेत म्हणतात, “पोस्टिंगला मॅडम असतात.” आजचा भाग या मॅडमचा इतिहास आहे. त्या कुठून आल्या, कायद्यात कशा बसल्या आणि पिंपळनेरपर्यंत का पोचत नाहीत.

राजाचा थेरपिस्ट, ज्याच्याकडे डिग्री नव्हती

‘द किंग्ज स्पीच’ हा २०१० चा सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यात अडखळत बोलणाऱ्या इंग्लंडच्या राजाला, सहाव्या जॉर्जला, मदत करणारा लायोनेल लोग आहे. हा माणूस ऑस्ट्रेलियातून आलेला. भाषणकला शिकवायचा, पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांबरोबर काम केलेलं, पण त्याच्याकडे वैद्यकाची पदवी नव्हती. त्या काळात या कामाची पदवी जवळजवळ कुठेच नव्हती. म्हणजे लोगला कुणी ‘पास’ केलेलं नव्हतं. त्याचं काम चांगलं होतं हे राजाच्या बोलण्यावरून कळलं. पण ज्यांचं काम वाईट होतं त्यांचं काय? ते कुणाला कळणार?

या प्रश्नातूनच हा व्यवसाय उभा राहिला. अमेरिकेत १९२५ मध्ये वाणीदोषांवर काम करणाऱ्यांची संघटना निघाली. तीच पुढे आशा या नावानं ओळखली जाऊ लागली. (आपल्या गावातल्या आशाताई वेगळ्या, ही अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन!) ब्रिटनमध्ये १९४५ मध्ये कॉलेज ऑफ स्पीच थेरपिस्ट्स सुरू झालं आणि लोग त्याच्या संस्थापकांपैकी एक होता. दोन महायुद्धांनी या कामाची गरज दाखवून दिली होती. डोक्याला गोळी लागून वाचा गेलेले, स्फोटांनी कान गेलेले तरुण हजारोंनी घरी परतत होते.

मग नियम आले. अमेरिकेत आजही प्रमाणपत्रासाठी विद्यार्थ्याला ४०० तासांचा हिशोब द्यावा लागतो. त्यातले २५ तास नुसतं बघायचं, ३७५ तास प्रत्यक्ष रुग्णाबरोबर काम करायचं. आणि त्या कामाच्या किमान एक चतुर्थांश वेळ सुपरव्हायझरची थेट नजर हवी. विद्यार्थी नवखा असेल तर त्याहून जास्त.

मुंबई: बिशपच्या शाळेपासून नायरपर्यंत

आपल्याकडची गोष्ट सुरू होते १८८० च्या दशकात, मुंबईत. कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांनी कर्णबधिर मुलांसाठी शाळा काढली. ही भारतातली अशी पहिली शाळा मानली जाते. तेव्हा नावात ‘डेफ-म्यूट’ असायचं, मराठीत ‘मूकबधिर’. आज हा शब्द मागे पडलाय, आणि ते बरंच झालं. कारण ऐकू न येणारं मूल मुकं नसतं. त्याचा आवाज शाबूत असतो, फक्त आवाज ऐकून बोलणं शिकायची वाट बंद असते.

त्याच सुमाराला, १८८० मध्ये, इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची एक परिषद झाली. तिथे ठरलं की हातांच्या खुणा बाजूला ठेवायच्या आणि मुलांना तोंडानं बोलायलाच शिकवायचं. पुढची कित्येक दशकं जगभरच्या शाळा याच वाटेनं गेल्या, भारतातल्याही. खुणांच्या भाषेवर झालेला हा अन्याय हा वेगळ्या भागाचा विषय आहे. आज एवढंच लक्षात ठेवा की थेरपिस्ट नावाचा माणूस येण्याआधी कितीतरी वर्षं हे काम शाळेतले शिक्षक करत होते. नवा शिक्षक जुन्या शिक्षकाच्या वर्गात बसून शिकायचा. सुपरव्हिजनचा पहिला अवतार हाच.

स्वातंत्र्यानंतर या कामाला वेगळं शिक्षण हवं असं दिसू लागलं. १९६५ मध्ये म्हैसूरला केंद्र सरकारची संस्था सुरू झाली. तिचं सुरुवातीचं नाव होतं ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ लोगोपेडिक्स. पुढे ती ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग झाली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेज आणि नायर रुग्णालयात ऑडिओलॉजी आणि स्पीच थेरपीचं शिक्षण सुरू झालं. देशातल्या सगळ्यात जुन्या केंद्रांपैकी हे एक.

नायर महत्त्वाचं का? कारण तो महापालिकेचा दवाखाना. तिथे मूल येतं ते झोपडपट्टीतून, चाळीतून, कधी थेट गावाकडून एसटीनं. विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, भोजपुरी बोलणारे रुग्ण भेटतात. पुस्तक इंग्रजी आणि रुग्ण पाच भाषांचे! ही दरी भरायला कुणीतरी अनुभवी माणूस शेजारी उभा लागतो.

मग १९८३ मध्ये वांद्र्याच्या रेक्लमेशनला राष्ट्रीय संस्था आली. महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचं नाव तिला दिलं गेलं. आज तिचं नाव अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था. पुढे पुण्यातही भारती विद्यापीठासारख्या ठिकाणी अभ्यासक्रम निघाले. यादी वाचताना एक गोष्ट जाणवते. मुंबई, मुंबई, पुणे. खान्देश यात कुठे दिसत नाही.

काचेमागची नजर

आता थोडं आत जाऊन बघू, हे शिकवणं चालतं कसं.

विद्यार्थ्याला एक केस मिळते. तो आधी केस हिस्टरी घेतो. मूल कधी बसलं, कधी चाललं, पहिला शब्द कधी बोललं, घरात कोणती भाषा, कानाचा कधी त्रास झाला का. मग तपासणी. मग लेसन प्लॅन, म्हणजे आज या मुलाकडून नेमकं काय करून घ्यायचं आणि ते झालं की नाही हे कसं मोजायचं. प्लॅन सुपरव्हायझर तपासतात, लाल पेननं खाडाखोड होते. मग थेरपी. अनेक ठिकाणी थेरपी रूमला एकतर्फी आरसा असतो. आतल्याला तो आरसा दिसतो, बाहेरून बघणाऱ्याला सगळी खोली दिसते. सत्र संपलं की चर्चा. मूल गप्प झालं तेव्हा तू का बोलत सुटलीस? आईला घरी करायला काय सांगितलंस?

हे शिकवणं हाही एक विषय आहे, हे जगाला बरंच उशिरा कळलं. चांगला थेरपिस्ट आपोआप चांगला सुपरव्हायझर होतो, असं धरून चाललेलं होतं. अमेरिकेत १९८५ मध्ये आशानं सुपरव्हायझरची कामं एकेक करून लिहून काढली, ती तेरा निघाली. इंडियाना विद्यापीठाच्या जीन अँडरसन यांनी १९८८ मध्ये या विषयावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं आपल्या गावाकडच्या भाषेत सांगतो.

विहिरीत पोहायला शिकताना आधी पाठीला डबा बांधतात. शिकवणारा पाण्यात शेजारीच असतो आणि सांगेल तसंच करायचं. काही दिवसांनी डबा सुटतो, पण शिकवणारा काठावर असतो. आता दोघं मिळून ठरवतात, आज कुठपर्यंत जायचं. शेवटी तुम्ही एकटे पोहता आणि आपला दम कुठे संपतो ते तुमचं तुम्हालाच कळतं. अँडरसन यांनीही असेच तीन टप्पे सांगितले. सुरुवातीला सुपरव्हायझर सांगतो आणि विद्यार्थी करतो. मधे दोघं बरोबरीनं विचार करतात. शेवटी विद्यार्थी स्वतःच्या कामाची तपासणी स्वतः करायला शिकतो. सुपरव्हायझर सगळ्यांनाच कायम पहिल्या टप्प्यावर ठेवत असेल, तर विद्यार्थी परीक्षा पास होईल, पण एकटा पडला की बुडेल. आणि पहिल्याच दिवशी डबा सोडून निघून गेला तर? तेव्हा बुडतं ते समोरचं मूल.

कायदा आणि नोंदणी

भारतात हा सगळा कारभार आज भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे. ती १९८६ मध्ये सोसायटी म्हणून सुरू झाली. १९९२ मध्ये संसदेनं कायदा केला आणि १९९३ पासून तिला कायद्याचा आधार मिळाला. कोणता अभ्यासक्रम मान्य, कोणतं कॉलेज मान्य, हे परिषद ठरवते. पास झालेल्याचं नाव केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत चढतं. नोंदणी नसताना हे काम करणं गुन्हा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची रक्कम ऐकून हसू येईल, पण तत्त्व मोठं आहे. मुलाच्या वाचेशी खेळ करणं हा आता खासगी मामला राहिला नाही.

आजची मुख्य पदवी म्हणजे बीएएसएलपी. तीन वर्षं शिक्षण आणि चौथं वर्ष इंटर्नशिप. शिवाय डीएचएलएस नावाचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. तो करणारे थेरपिस्टच्या हाताखाली सहायक म्हणून काम करतात. म्हैसूरच्या संस्थेनं हा डिप्लोमा दूरस्थ पद्धतीनंही चालवला. व्याख्यानं म्हैसूरहून पडद्यावर आणि प्रत्यक्ष काम त्या त्या शहरातल्या रुग्णालयात, तिथल्या माणसांच्या देखरेखीखाली. थोडक्यात, शिक्षक हजार किलोमीटरवर असला तरी चालेल, पण रुग्णाच्या खोलीतली नजर स्थानिकच हवी, हे तेव्हाच मान्य झालं होतं. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

विरार ते पालघर: गाडी गावाकडे निघाली

सरकारला गावांची आठवण नव्हती असं नाही. १९८५ च्या सुमाराला देशात जिल्हा पुनर्वसन केंद्रांची योजना आली. मोजक्या केंद्रांपैकी एक महाराष्ट्रात होतं, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या विरारला. कल्पना अशी की दिव्यांग माणसानं शहर गाठायचं नाही, सेवेनं गाव गाठायचं. त्यासाठी लागणाऱ्या माणसांना शिकवायला मुंबईसह चार ठिकाणी प्रादेशिक प्रशिक्षण केंद्रं उभी राहिली. पुढे १९९९-२००० पासून जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रांची नवी योजना आली. २००६ मध्ये बहिरेपणा प्रतिबंध आणि नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, सुरुवातीला २५ जिल्ह्यांत.

आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्याच पालघरमधून. तालुक्यात फिरती पथकं अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन मुलं तपासतात. ऐकू कमी येणं आणि भाषा उशिरा येणं या दोन्ही गोष्टी त्यांच्या यादीत आहेत. संशय आला की मूल जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवायचं आणि तिथे ऑडिओलॉजिस्ट-कम-स्पीच थेरपिस्टचं पद धरलेलं आहे. दिव्यांगांचा १९९५ चा कायदा जाऊन २०१६ चा आला. त्यात २१ प्रकार आहेत आणि ‘वाचा व भाषा दिव्यांगता’ हा त्यातला एक.

२०११ च्या जनगणनेत बोलण्यात अडचण असलेले देशात जवळपास २० लाख लोक नोंदले गेले. त्यातले चार लाखांहून जास्त एकट्या महाराष्ट्रातले.

या सगळ्या योजना ओळीनं वाचल्या की एक नमुना दिसतो. शोधणारी माणसं वाढली, गाड्या आल्या, फॉर्म आले. मूल सापडण्याची शक्यता खरंच वाढली आणि हे काम छोटं नाही. पण थेरपी म्हणजे एकदा दिलेलं इंजेक्शन नव्हे. कॉक्लिअर इम्प्लांटचंच बघा. शस्त्रक्रिया काही तासांत होते, पण त्यानंतर मुलाला ऐकणं आणि बोलणं शिकवायला महिनोन्‌महिने, वर्षं लागतात. पिंपळनेरहून धुळं म्हणजे साक्रीमार्गे सत्तर-ऐंशी किलोमीटर. कांद्याची लावणी, मजुरी, घरातली बाकीची मुलं हे सगळं सोडून आईनं आठवड्यातून दोनदा जायचं? पहिल्या महिन्यात जाईल. तिसऱ्या महिन्यात फाईल कपाटावर जाते.

पिंपळनेरचा हिशोब

आता पुन्हा आपल्या ळ कडे येऊ.

खान्देशची भाषा मोजणाऱ्यांना आधीपासून गोंधळात टाकत आली आहे. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात, १९०७ च्या खंडात, खानदेशी मराठीबरोबर आलेली नाही. ती भिल्ली भाषांच्या शेजारी आली. २०११ च्या जनगणनेत खानदेशी गटातली मातृभाषा सांगणारे १८ लाखांहून जास्त लोक होते. पिंपळनेरच्या पश्चिमेला सरकलं की कोकणा, मावची, भिल्ल समाजांच्या बोली लागतात. एकाच बाजाराच्या दिवशी चार भाषा कानावर पडतात. अंगणवाडीत मात्र मुलाला भेटते प्रमाण मराठी, आणि थेरपीच्या चाचण्याही बहुतेक तिच्यातच.

बोलीतला फरक म्हणजे दोष नव्हे, हे अमेरिकेत आशानं १९८३ मध्ये अधिकृतपणे मांडलं. तिथला वाद काळ्या मुलांच्या इंग्रजीवरून होता. पण कागदावर तत्त्व असणं वेगळं आणि खोलीत ते आठवणं वेगळं. ‘डोया’ ऐकल्यावर विद्यार्थिनीच्या खांद्यावर हात ठेवून “थांब, आधी आईला बोलतं कर, आई काय म्हणते ते ऐक” असं सांगणारं माणूस लागतं.

आणि धोका दोन्ही बाजूंनी आहे हे विसरू नका. घरची भाषा बरोबर बोलणाऱ्या मुलीवर दोषाचा शिक्का बसला, तर तिचे महिने ‘ळ’ घोटण्यात जातील आणि ती घरात बोलायलाच लाजेल. उलट, खरंच ऐकू कमी येणाऱ्या मुलाचं तुटक बोलणं “यांच्याकडे असंच बोलतात” म्हणून सोडून दिलं, तर त्याची पहिली पाच-सहा वर्षं वाया जातील. भाषा शिकण्याचं वय परत येत नाही. दोन्हीतला फरक ओळखायला बोली जाणणारा कान हवा आणि शास्त्र जाणणारं डोकंही हवं. आज ही दोन्ही एका माणसात क्वचित सापडतात. म्हणून निदान एका खोलीत तरी ती सापडायला हवीत.

मग करायचं काय? इतिहासातच काही धागे आहेत. चौथं वर्ष इंटर्नशिपचं असतंच. त्यातले काही आठवडे मोठ्या शहराबाहेर, तालुक्याच्या ठिकाणी घालता येतील. पण नुसते विद्यार्थी पाठवणं म्हणजे डबा न बांधता विहिरीत ढकलणं. जिल्ह्याच्या ठिकाणी जो एक थेरपिस्ट आहे त्याला सुपरव्हायझर म्हणून नेमायचं, तर त्याला त्या कामाचे तास आणि पैसे द्यावे लागतील. नाहीतर रुग्णांची रांग लांबते आणि सुपरव्हिजन वहीतल्या सहीपुरतं उरतं. कॉलेजमधले शिक्षक व्हिडिओवरून सत्र बघू शकतात. २०२० च्या टाळेबंदीत कितीतरी थेरपी मोबाईलवरच झाली. आणि अहिराणी किंवा कोकणा बोलणारी अंगणवाडी सेविका त्या खोलीत बसली, तर विद्यार्थ्याला ‘शाया’चा अर्थ दुसऱ्या मिनिटाला कळेल. म्हैसूरच्या डिप्लोमाचा धडा आठवा: शिकवणारा लांब चालेल, बघणारा जवळच हवा.

आणखी एक धागा आहे, आणि तो तुमच्या हातात आहे. हे ऐकणाऱ्यांत बारावी सायन्सचे कितीतरी जण असतील. डॉक्टर, इंजिनिअर, फार्मसी यापलीकडे हीही एक वाट आहे, हे आपल्याकडच्या करिअरच्या कार्यक्रमांत क्वचितच कुणी सांगतं. पिंपळनेरची एखादी मुलगी बीएएसएलपी करून परत आली, तर शास्त्र आणि बोली एकाच माणसात येतील. मग दहा वर्षांनी मुंबईहून आलेल्या इंटर्नला ‘डोया’ समजावणारी सुपरव्हायझर तीच असेल.

जाता जाता

घरात किंवा ओळखीत असं मूल असेल तर तीन गोष्टी विचारायला लाजू नका. एक, तपासणाऱ्याची पुनर्वास परिषदेत नोंदणी आहे का. दोन, समोर विद्यार्थी असेल तर त्याचे सुपरव्हायझर कोण आणि ते आज हे सत्र बघणार का. विद्यार्थी असणं वाईट नाही. बऱ्याचदा तोच जास्त वेळ देतो आणि जास्त मनापासून काम करतो, फक्त त्याच्यामागे कुणीतरी हवं. तीन, आमच्या घरची भाषा तुम्ही लिहून घेतली का. आणि बोलण्याची शंका असली तरी आधी कानाची तपासणी करून घ्या.

पुढच्या भागात मिलानच्या त्या १८८० च्या परिषदेकडे वळू आणि खुणांची भाषा शाळांतून का हाकलली गेली ते बघू. तुमच्या बोलीत ‘ळ’चं काय होतं ते आम्हाला नक्की सांगा. तोवर, काळजी घ्या आणि घरची भाषा बिनधास्त बोला. भेटूया!